काकाजी, तुमच्या शेजाऱ्यांचे 44 ठोके

काकाजी, नमस्कार.

सकाळच्या नाडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं ते मी दोन-तीनदा वाचलं. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून चार दिवस लागले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकाजी 71 वर्षांचे, रोज नागपुरातल्या फुटाळा तलावावर पाच किलोमीटर चालतात. ठोके कमी तितकं चांगलं असं सांगणारा माझा तो लेख त्यांच्या ग्रुपवर फिरला आणि फेरी संपली की सगळे मनगटावरची घड्याळं एकमेकांना दाखवायला लागले. ज्याचे मिनिटाला 52 ठोके तो वाघ. काकाजींचे 78, म्हणून त्यांची रोज चेष्टा. त्यांची साखर, बीपी दोन्ही ठीक आहे. उलट शेजारच्या ज्या गृहस्थांचे 44 होते आणि ज्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं, ते भाजीच्या ठेल्यापाशी चक्कर येऊन पडले आणि त्यांना पेसमेकर बसवावा लागला. "आकडे लिहून लोकांना घाबरवू नका आणि चढवूही नका," असं तुम्ही शेवटी लिहिलंत.

'ठोके जितके कमी तितकं हृदय दणकट' हे माझं वाक्य चूक होतं. आज ते लेखातून काढलं आहे. 19 वर्षं वॉर्डात रुग्णांचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरणाऱ्या बाईच्या हातून ते जायला नको होतं. त्यावरून कोणी चक्कर अंगावर काढली असती तर, या विचारानं मला झोप लागली नाही.

44 ठोके दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडू शकतात. बसल्या जागी शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. हृदय एका ठोक्यात 70 मिलिलिटर ढकलत असेल तर 70 ठोके लागतात. वर्षानुवर्षं धावणाऱ्याचं हृदय एका वेळी 100 मिलिलिटर ढकलतं, त्याचं 50 मध्ये भागतं. ही कमाईची मंद नाडी. असा माणूस सेमिनरी हिल्सचा चढ चढू लागला की त्याचे ठोके भराभर वाढतात.

दुसरी मंद नाडी वायरिंग बिघडल्याची. वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही, याला हार्ट ब्लॉक म्हणतात. (आपल्याकडे सर्रास ज्याला ब्लॉकेज म्हणतात ते रक्तवाहिनीतलं. ते वेगळं, हे वेगळं.) इथे जिना चढला तरी नाडी हवी तशी वाढत नाही, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. म्हणून ठोके 50 च्या खाली असतील आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दम किंवा कधी नव्हे असा थकवा असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढायचा. हे मी पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं.

आता तुमचे 78. मोठ्या माणसाला बसल्या जागी 60 ते 100 हे नॉर्मल धरतात, तेव्हा चेष्टा करणाऱ्यांना खुशाल तसं सांगा. पण आकड्याला अर्थच नाही असंही नाही. कोपनहेगनमध्ये 2798 पुरुषांवर 16 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: दर 10 जास्तीच्या ठोक्यांमागे मृत्यूची जोखीम 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली, तीही व्यायामाची क्षमता हिशेबात धरून. मात्र पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, सिग्निफाय नावाच्या चाचणीचे निकाल आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, पण हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं) नसलेले 19,102 रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांचे ठोके इव्हाब्रॅडिनच्या गोळीनं साधारण 10 ने खाली आणले, तरी हार्ट अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे वाढलेले ठोके बरेचदा दुसऱ्याच कशाची तरी खबर देत असतात. ती खबर कशाची, ते शोधायचं.

तुमचं एक म्हणणं मात्र मला मान्य नाही, नाडी मोजूच नये हे. कारण माझी आई.

आईला मी कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात नाडी लिहायची सवय लावली होती, दुधाच्या हिशेबाशेजारी. वर्षभर 68, 70, 69. मग दिवाळीनंतर 74, 78, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस 86. ताप नाही, छातीत दुखणं नाही. "थंडी आहे, अंग जड वाटतं," एवढंच म्हणायची. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन 7.9 निघालं. गुडघ्यासाठी स्वतःच्या मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात व्रण झाला होता आणि त्यातून हळूहळू रक्त जात होतं. तिचे 86 कुठल्याही तक्त्यात नॉर्मलच बसले असते. 69 च्या शेजारी लिहिलेले 86 मात्र मला दिसले. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि रक्तक्षय घरोघरी असलेल्या आपल्या विदर्भात तरी ही खूण कोणी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तुलना फक्त स्वतःच्या कालच्या आकड्याशी. उठल्यावर चहाच्या आधी, अंथरुणातच, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. फेरी संपल्यावर घड्याळात दिसतो तो आरामातला ठोका नव्हे. पट्टा ढिला असेल तर घड्याळ काहीही दाखवतं. मे 2024 मध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश तापमान नोंदवलं होतं आणि मग सेन्सर बिघडलेला निघाला, तसंच हे. मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या रात्रीनंतर पाच-सात ठोके जास्त आले तर आधी पाणी प्या, दोन दिवस पाहा. ताप असेल तर एका अंशामागे दहाएक ठोके वाढतातच.

एक काम तुमच्याकडे सोपवते, काकाजी. तुमच्या त्या 52 वाल्या वाघांना बीपीची कोणती गोळी चालू आहे ते विचारा. नावाच्या शेवटी 'लोल' असेल, मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल असं काही, तर ते 52 बहुतेक गोळीचे आहेत. गोळी चांगलीच आहे. फक्त त्यांना एवढं नक्की सांगा, की हे वाचून ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.