तिकडे हवा कुणाची?

2024 च्या ऑक्टोबरात साताऱ्याहून मामांचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. तब्येतपाणी झालं, परतीच्या पावसाला शिव्या देऊन झाल्या की ठरलेला प्रश्न: "मग, तिकडे हवा कुणाची?"

मी पिट्सबर्गजवळ राहतो. पेनसिल्व्हेनिया म्हणजे अमेरिकेच्या त्या अध्यक्षीय निवडणुकीत, ट्रम्प विरुद्ध हॅरिस, सगळ्यांचा जीव ज्या सात राज्यांत अडकला होता, त्यांतलं सर्वांत मोठं. अध्यक्ष निवडणारी 538 मतं राज्याराज्यांत वाटलेली, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी. त्यांतली 19 आमची. त्यामुळे भाचा ऐन रणांगणात बसलाय, त्याला आतली खबर असणारच, असा मामांचा समज. मला दिसायचं ते एवढंच: डावीकडच्या अंगणात एकाची पाटी, समोरच्या अंगणात दुसरीची, आणि टपालपेटीत रोज पाचसहा गुळगुळीत पत्रकं, जी मी घरात न नेता थेट कचऱ्यात टाकायचो.

मामांनी 77 ची लाट पाहिली, 84 ची पाहिली. त्यांची 'हवा' तिथली. इथे देशभर कुणाची हवा आहे याने फारसं काही ठरत नाही. 2016 मध्ये हिलरी क्लिंटनना ट्रम्पपेक्षा देशात जवळपास 29 लाख मतं जास्त पडली आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे 78 हजार कमी पडली. संपलं, ट्रम्प अध्यक्ष. तेव्हाचे देशपातळीवरचे पोल, म्हणजे जनमत चाचण्या, तसे फार चुकले नव्हते. ते क्लिंटनना तीन-चार टक्क्यांची आघाडी सांगत होते, निघाली दोनची. फसले ते राज्यांतले. पदवीधर माणसं पोलवाल्यांशी जास्त बोलतात, आणि त्याचा हिशेब बऱ्याच ठिकाणी धरलाच नव्हता. निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्या नेट सिल्व्हर यांच्या संस्थेने शेवटच्या दिवशी ट्रम्पना 29 टक्के संधी दिली होती. आपल्याकडच्या चर्चांत अजून ऐकतो, 'सगळे म्हणत होते ट्रम्प हरणार.' पावसाची शक्यता तीस टक्के आहे असं कळलं तर आमच्या मामी गच्चीवरच्या कुरडया उचलतात. निवडणुकीतले तीस टक्के मात्र शून्यात जमा.

असाच एका रविवारी मामांशी बोलताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मी कापला.

"कुणाचा रे?"

"असेल एखादा पोलवाला."

"अरे, मग उचल की!"

महिनाभर हा माणूस मला पेनसिल्व्हेनियाचे टक्के विचारत होता, मी त्याला ते वाचून दाखवत होतो, आणि ज्यांच्याकडून ते टक्के काढायचे त्यांतला एक मीच फोन कापत होतो. "मग ते आकडे येतात कुठून?" मामांनी विचारलं. मला उत्तर देता येईना.

खरं तर उत्तर आहे, पण ते सुखाचं नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या टेलिफोन चाचण्यांना 1997 मध्ये शंभरातले 36 लोक उत्तर देत. 2018 पर्यंत ते 6 वर आले. जे फोन उचलतात ते न उचलणाऱ्यांसारखेच असतात, असं कोण सांगणार? वय, वर्ण, शिक्षण, गेल्या वेळचं मत असं तोलून गणित बसवतात. तरीही 2020 मध्ये एका नामवंत पोलने विस्कॉन्सिनात बायडेनना 17 टक्क्यांची आघाडी दिली. ते जिंकले, पण एक टक्कासुद्धा नव्हे इतक्या फरकाने. शिवाय आठशे लोकांच्या पोलमध्ये प्रत्येक आकडा साडेतीन टक्के इकडेतिकडे हलू शकतो, आणि दोघांमधलं अंतर त्याच्याही दुप्पट. मग 48 विरुद्ध 47 यावरून भांडायचं काय?

मामांकडे निराळीच गंमत. त्यांचं तोंड बंद नसतं. दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला ते चहा पाजून "तुमचंच की" म्हणतात. इथला मतदार बोलत नाही, तिथला बोलून सांगत नाही. 2024 च्या लोकसभेला एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलं आणि निकाल लागला 293. त्या आकड्यांत मामांचा वाटा किती, देव जाणे.

आपल्याकडे शेवटचं मत पडेपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत, आणि मतदान संपण्याआधीचे 48 तास जनमत चाचण्याही बंद. पूर्वी मला ती मुस्कटदाबी वाटायची. आता तितकीशी वाटत नाही. त्याला कारण झालं आमचं दिवाळीचं फराळ. शनिवार, 2 नोव्हेंबर, मतदानाला तीन दिवस. हॉलमध्ये निम्मे लोक असे, की ज्यांच्या व्हिसाची नि ग्रीन कार्डाची रांग कोण निवडून येतो त्यावर हलणार किंवा अडणार. संध्याकाळी एरवी ट्रम्पच्या बाजूने असणाऱ्या आयोवा राज्याचा पोल आला: हॅरिस 47, ट्रम्प 44. अ‍ॅन सेल्झर यांचा पोल, म्हणजे या धंद्यातलं खणखणीत नाणं. चकल्या तशाच राहिल्या. दोन तास नुसतं आयोवा. रांगेबद्दल, दोन्ही उमेदवार तिचं काय करणार याबद्दल एक अक्षर नाही. त्या आयोवात ट्रम्प 13 टक्क्यांनी जिंकले.

पेनसिल्व्हेनियात शेवटच्या सगळ्या सरासऱ्या बरोबरीत होत्या आणि ट्रम्प जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी आले. माझ्या मते पोलवाल्यांचं हे काम चांगलं झालं. मामांना पटलं नाही. "तुमचेही आमच्यासारखेच," म्हणाले, जरा खुशीतच.

पंधरा दिवसांवर महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. म्हटलं, "मामा, आता तुम्ही सांगा. तिकडे हवा कुणाची?"

"सांगतो की," म्हणाले, आणि मोबाइल मामींच्या हातात दिला.