गिरवल्याने हात बिघडत नाही
‘आवडत्या चित्रकाराची नक्कल करत राहिलं की स्वतःची शैली मरते’ हे चित्रकलेवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’ या नियतकालिकाचे जुने अंक समोर ठेवून मी दोन वर्षं त्यांच्या रेषा गिरवल्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून निघालेली रेषा कानाकडे जाता जाता बारीक होते. ती एका दमात, मनगट न टेकवता ओढावी लागते. हे गिरवल्याशिवाय मला कधीच कळलं नसतं. क्लासमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे ठाण्यात तलावपाळीवर स्केचिंगला बसायला लागले. समोर भेळ विकणाऱ्या मावशी, पदर कमरेला खोचलेला, एका हाताने कांदा चिरणं चालू. दलालांची ती लयदार रेषा त्यांच्या हाताला लागूच पडेना, कारण मावशींचं कोपर चांगलं टोकदार होतं! चार कागद फुकट गेले. पाचव्यावर रेषा कोपराशी मोडली आणि मावशी दिसायला लागल्या. डोळे मात्र अजूनही दलालांचेच येतात, आणि मला ते हवेच आहेत. माणसाकडे न बघता नुसत्या चित्रांवरून चित्रं काढत राहिलं तर धोका आहे, हे खरं. त्या लेखात नेमकं तेच राहून गेलंय.