पाणथळीभोवतीची ‘कोरडी’ जमीन कशासाठी राखायची?

“पाणथळीत भराव टाकायला बंदी आहेच. मग तिच्याभोवतीची तीस मीटर कोरडी जमीन कशाला अडवायची? वर्षातले कित्येक महिने तिथे पाणीही नसतं. काम चालू असताना गाळ अडवणारी जाळी लावा, नंतर हिरवळ करा, विषय संपला.” पाणथळीभोवती राखायच्या अशा जमिनीच्या, म्हणजे संरक्षक पट्ट्याच्या, स्थानिक नियमांविरुद्ध या आशयाचा मजकूर सर्रास फिरतो. यातलं एकेक विधान तपासून पाहू.

“तिथे पाणीच नसतं”

पाणथळीची हद्द त्या दिवशी पाणी कुठवर आहे यावर ठरत नाही. ती माती, झाडोरा आणि पाण्याच्या खुणा पाहून ठरवतात. कोरड्या दिवसांत कडेजवळ ३० सेंमी खोल खड्डा घ्या. माती करडी असेल, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके आणि जुन्या मुळांच्या वाटेने तांबूस रेघा असतील, तर ती जागा बराच काळ पाण्याने तुडुंब असते असं समजा. मातीतली हवा संपली की लोह विरघळून सरकतं आणि पाणी उतरल्यावर जिथे हवा पोचते तिथे पुन्हा गंजतं. ही खूण उन्हाने पुसली जात नाही. पट्टा मोजायचा तो या हद्दीपासून. पाण्याच्या कडेपासून मोजला तर त्यातला बराचसा भाग पाणथळीतच मोडतो आणि कोरडी जमीन राखली जातच नाही.

“जाळी पुरेशी आहे”

जाळी हवीच. पण तिचं मुख्य काम पाणी गाळण्याचं नाही, ते तुंबवून गाळ खाली बसू देण्याचं आहे. स्थिर पाण्यात ०.१ मिमीचा वाळूचा कण साधारण दोन मिनिटांत एक मीटर खाली जातो. २ मायक्रॉनच्या (०.००२ मिमी) चिकणमातीच्या कणाला त्याच अंतराला तीन दिवस लागतात. जाळीमागे पाणी इतका वेळ थांबत नाही, त्यामुळे गढूळ पाणी पुढे जातंच.

शिवाय ती नीट लावलेली असावी लागते. कापडाची खालची कडा सुमारे १५ सेंमी खोल चरात गाडून माती ठोकायची, जाळी समपातळीत धरायची, दोन्ही टोकं चढाकडे वळवायची आणि गाळ एक तृतीयांश उंचीला आला की उपसायचा. कडा गाडली नाही तर पाणी खालून जातं, टोकं सरळ ठेवली तर बाजूने. ओघळीत आडवी लावलेली जाळी तर जोराच्या सरीत लोळतेच. जाळीतून निसटलेला गाळ अडवायला पुढे काही तरी लागतं, ते काम पट्टा करतो.

“नंतर हिरवळ केली की झालं”

यंत्रांनी दाबलेल्या मातीवर अंथरलेल्या, सतत कापल्या जाणाऱ्या गवताची मुळं उथळ राहतात. पाणी मुरत नाही आणि हिरवळीला घातलेलं खतच वाहून पाणथळीत जातं. उंच गवत, झुडपं आणि पालापाचोळा असलेल्या जमिनीवर पाण्याचा वेग मोडतो. फॉस्फरस बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून येतो, म्हणून गाळ थांबला की तोही थांबतो. नायट्रेट विरघळलेलं असतं. ते पाझरून मुळांच्या ओल्या, हवा कमी असलेल्या थरातून गेलं तरच तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात. त्यांना लागणारा कार्बन मुळं आणि कुजणारा पाला देतात.

हे सगळं पाणी पसरून आलं तरच घडतं. गटाराचा पाइप पट्ट्याच्या तोंडाशी सोडला, तर पाणी ओघळ पाडून थेट पाणथळीत उतरतं. त्यासाठी पाइपापुढे समपातळीचा उंबरा करून पाणी पसरवावं लागतं. आणि पट्ट्याचं कुंपण पहिलं यंत्र आवारात येण्याआधी उभं राहायला हवं, कारण एकदा दाबली गेलेली माती वर्षानुवर्षं तशीच राहते.

“भराव नाही, म्हणजे धक्का नाही”

पाइपलाइनचा खडी भरलेला चर कडेने नेला, की तोच निचऱ्याची नळी बनतो आणि भूजलावर जगणारी पाणथळ आतून रिकामी होते. म्हणून अशा चरात ठरावीक अंतराने चिकणमातीचे बांध घालतात. छपरं आणि रस्ते वाढले की पाणी एकदम येतं, एकदम ओसरतं आणि मुरणारं पाणी घटतं. यावर एकटा पट्टा पुरत नाही, वरच्या जमिनीतही पाणी मुरवावं लागतं.

“सगळीकडे तीसच मीटर का?”

हा एकच आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. वाळूसारखा भरड गाळ पहिल्या काही मीटरमध्येच बसतो. चढ तीव्र किंवा माती चिकण असेल तर जास्त रुंदी लागते. अनेक बेडूक अंडी पाण्यात घालतात, पण बाकीचा काळ जमिनीवर काढतात. उभयचरांचा हा वावर पाहता १६० ते २९० मीटरचा पट्टा सुचवला जातो. म्हणजे त्यांच्या दृष्टीने तीस मीटर कमीच.

नियमात लवचीकपणा आणता येतो. एकूण क्षेत्र तेवढंच ठेवून एका बाजूला पट्टा अरुंद आणि दुसरीकडे रुंद करू द्यावा, फक्त किमान रुंदी ठरलेली असावी. मात्र पाणी जिथून उतरून येतं ती बाजू अरुंद करू देऊ नये. नाही तर नकाशावर क्षेत्रफळ जुळतं आणि गाळ नेमका त्याच फटीतून आत जातो.