वाढलेल्या पगारातले हाती किती उरते?

ब्रिटनमधील युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत, याविषयीच्या एका लेखात ‘पगार वाढला की मदत तेवढीच कापली जाते’ असे विधान आहे. ते दुरुस्त व्हायला हवे, कारण अशा समजुतीमुळे लोक जादा तास काम करायचे टाळतात.

कमाईमागे मदत कापण्याचा दर 2021 च्या अखेरीस 63 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर आला आणि ती कपात आयकर, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) व पेन्शनची वर्गणी वजा जाता उरलेल्या कमाईवर होते. मुले असलेल्या किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित असलेल्या कुटुंबांची काही कमाई तर हिशेबात धरलीच जात नाही. 2025-26 मध्ये ही सूट घरभाड्याची मदत मिळणाऱ्यांसाठी महिना 411 पौंड आणि इतरांसाठी 684 पौंड होती.

तरीही चित्र फारसे सुखद नाही. मूळ दराने आयकर भरणाऱ्याचा पगार 100 पौंडांनी वाढला, तर 20 पौंड आयकरात आणि 8 पौंड नॅशनल इन्शुरन्समध्ये जातात, उरलेल्या 72 पौंडांच्या 55 टक्के मदत घटते आणि शेवटी हाती केवळ 32.40 पौंड राहतात. कष्टकरी माणसासाठी हा दर मला अन्यायकारक वाटतो. शिवाय हिशेब महिन्याचा असल्याने, दर चार आठवड्यांनी पगार घेणाऱ्याचे वर्षातून एकदा दोन पगार एकाच कालावधीत मोजले जातात आणि त्या वेळची मदत एकदम खाली येते, म्हणून आधीच थोडी रक्कम बाजूला ठेवणे आवश्यक आहे. आयर्लंडमध्ये नोकरदार कुटुंबांना मिळणारी साप्ताहिक मदत सर्वसाधारणपणे 52 आठवडे स्थिर राहते, मधे पगार वाढला तरी; ही पद्धत मला अधिक माणुसकीची वाटते.