शेवट कापलेली क्लिप

तिसरीतल्या लेकीला गृहपाठ होता: एकच फोटो तीन प्रकारे कापायचा आणि प्रत्येकाला वेगळा मथळा द्यायचा. तिनं आमच्या बाल्कनीतला घेतला. मी बर्फ झाडतेय, खाली शेजारी उभा. एका तुकड्यात नुसता झाडू उगारलेला हात उरला. खाली तिनं लिहिलं, ‘आई चिडली’.

इथं फिनलंडच्या शाळांत २०१६ च्या अभ्यासक्रमापासून हे ‘मोनिलुकुतैतो’, म्हणजे बहुसाक्षरता, सगळ्या विषयांत मुरवलंय. मजकूर, चित्र, आकडे, व्हिडिओ, सगळंच वाचता आलं पाहिजे.

तो हात बघून मला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडी बाजार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्या दिवसांत भारतभर एक क्लिप फिरत होती: मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतली, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली फिल्म. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी उडवला होता.

आपल्याकडे वाद रंगतो तो खरं-खोटं ठरवायचं कुणी, यावर. केंद्रानं २०२३ मध्ये स्वतःच्या कारभाराविषयीच्या मजकुरासाठी फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली, मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. बरं झालं, आपल्याच कारभाराचे पेपर आपणच तपासायचे म्हणजे काय? पण त्यानं माझ्या आईच्या फोनमध्ये काही फरक पडला नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ पासून भारतात मेसेज पुढं पाठवायला एका वेळी पाचच चॅटची मर्यादा घातली. आई पाच-पाच करून पाठवते, दमत नाही.

परवा तिनं पाठवलेला एक मेसेज बघून लेकीनं व्हिडिओ कॉलवर तिला विचारलं, “आजी, याचा शेवट कुठंय?”

“अगं, सुमनमावशीनं पाठवलंय. ती कशाला खोटं बोलेल?”

आई अडाणी नाही. बातमी कुणी आणली यावरून तिची किंमत करायची, हे ती जन्मभर करत आली आणि वाड्यात ते चालतही होतं. पण हे सुमनमावशीनं लिहिलेलंच नाही, तिलाही कुठून तरी आलंय. इथल्या शाळेत गुरुजींनाही ‘कशावरून?’ विचारता येतं. आमच्या घरात तो उर्मटपणा.

लेक विचारून मोकळी झाली. नानाकाकांच्या मेसेजला मी अजून हात जोडलेला इमोजीच पाठवते.