आगा इंग्रजांची नव्हे, स्वीडनची

आगा शेगडीवरचा तुमचा लेख छान, पण तिला ‘अस्सल इंग्रजी शेगडी’ म्हटलंय ते खटकलं. ती मूळची स्वीडनची. गुस्ताफ दालेन यांनी १९२२ मध्ये काढली. १९१२ साली एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी पदार्थविज्ञानाचं नोबेलही मिळालं!

इंग्लंडमध्ये यॉर्कशरला भाड्याच्या घरात तीन हिवाळे या ओतीव लोखंडाच्या धुडावर रांधलंय. आमची जुनी, दोन भट्ट्यांची (म्हणजे ओव्हनची). आच कमी-जास्त करायला बटणच नाही, चोवीस तास तापलेली. आपण भांडंच इकडून तिकडे सरकवायचं. वरची डावी चकती कडक, उजवी मंद. मंद चकतीवर मी तव्याशिवाय थेट फुलके टाकायचे, मस्त फुगायचे. पण चकतीचं झाकण जास्त वेळ उघडं राहिलं की साठलेली उष्णता भुर्रकन जाते, म्हणून पोळ्या आधी सगळ्या लाटून ठेवायच्या. खालच्या भट्टीत उकळी आणलेले छोले रात्री ठेवले की सकाळी लोण्यासारखे मऊ.

एकच गोची. भट्टीतला वास धुराड्यातून बाहेर जातो, घरात पत्ताच लागत नाही. एकदा रताळी ठेवून विसरले. तिसऱ्या दिवशी सापडली, चार काळे कोळसे, सालीसकट!