आईनं गाव न सोडता तीन राज्यं बदलली

आईचा दहावा बेळगावकडच्या खानापुरात मलप्रभेच्या घाटावर केला. पिंड ठेवून सगळे मागं सरकतायत तोवर कावळा शिवलासुद्धा. दोन मिनिटंही लागली नाहीत. भावकी खूश. "सुटली बघ म्हातारी, काय मागं ठेवलं नाही." मला मात्र चक्क राग आला. असं कसं काहीच राहिलं नाही? निदान थोडं ताटकळवायचं होतंस की गं!

मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं. कावळ्याला भूक लागते, त्यापलीकडं त्यात काही नाही हे कळतं मला. मेंदू थांबला की माणूस थांबला, असंच वर्गात सांगत आलो. पण त्या दिवसापासून डोक्यात एकच घोळतंय, ती गेली कुठं?

आमच्या गल्लीत याला एक उत्तर नाही. समोरच्या लिंगायत अज्जांच्या घरी माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून पुरतात, हातात इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं लिंग देऊन. ते म्हणाले, "लिंगैक्य झालं, शिवात मिसळलं की परत कशाला यायचं?" माझ्या जैन वर्गमित्राकडं पिंड नाही, श्राद्ध नाही. तो म्हणतो, "तू तेराव्याचं जेवण घालूलालास, तोवर तुझी आई कुणाच्या तरी पोटात शिरली पण असेल." त्याच्या हिशेबात जीव क्षणभर रिकामा राहत नाही. आणि आमचे माळकरी काका तुकोबांकडं बोट दाखवतात, ज्यांनी मुक्ती नको म्हणून सुखानं गर्भवास मागितला. तिघंही शांत झोपतात. जागा मी.

रात्री जागून वाचलं. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी मागचा जन्म सांगणाऱ्या मुलांची हजारांवर प्रकरणं गोळा केली. पोरं दोन-चार वर्षांची असताना सांगतात, शाळेत जाऊ लागली की विसरतात. पण बरीचशी प्रकरणं जिथं लोक पुनर्जन्म मानतात तिथलीच. माझ्यातला मास्तर तिथंच अडला.

पटलं ते भलत्याच ठिकाणी. मृत्यूचा दाखला काढायला गेलो, फॉर्मवर वय भरायचं होतं. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. आई म्हणायची, "गांधीबाबा गेले तेव्हा मी रांगत होते." म्हणजे 1947 धरा. जन्मली मुंबई इलाख्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला शाळेत जाणारी पोर म्हैसूर राज्यात गेली. 1973 ला त्याचं कर्नाटक झालं. 2014 ला बेळगावचं बेळगावी. आणि बाईचा स्वतःचा प्रवास किती, तर माहेरापासून चार मैलांवरचं सासर! वरची पाटी बदलत गेली, आत चूल फुंकणारी तीच.

गीतेतली जुनी वस्त्रं टाकण्याची उपमा मला कधी भिडली नव्हती. ही पाटी भिडली. पुरावा नव्हे हा, ठाऊक आहे. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिला असता. तरीही आता मी मानतो. उंबऱ्यावरून राज्यं बदलत गेलेली पाहिल्यावर देह बदलणं तेवढं अवघड वाटत नाही.

एक मात्र मानणार नाही. 'मागच्या जन्मीचं भोगतोय.' चालता न येणाऱ्या एका पोराच्या आईला हे तोंडावर ऐकवलेलं मी ऐकलंय. जातीची उतरंडसुद्धा याच बोलण्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. असला पुनर्जन्म चुलीत जाऊ दे. शिक्षेसाठी नको, राहिलेलं करायला माणूस परत येत असेल तर यावा.

आणि आईचं राहिलं होतं, कावळा काही का म्हणेना. मराठी चौथी झाली आणि तिला शेणापाण्याला लावलं. वाचायची एवढी हौस की वाण्याच्या पुडीचा कागदही सोडायची नाही. पण खानापूर स्टँडवर गाडीची पाटी कन्नड, त्यामुळं प्रत्येक कंडक्टरला विचारत फिरायची. एकदा निघाली बेळगावला, पोचली नंदगडला. मी चिडलो तर पदरानं घाम पुसत म्हणाली, "असू दे रे. पुढच्या जन्मी आधी कन्नड शिकीन, मग गाडीत बसेन."